लिस्बनच का?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारणही तसंच आहे. येत्या ऑक्टोबरच्या शेवटी मी लिस्बनला जाते आहे. आठ दिवस, आणि एकटी. ही बातमी घरात फुटल्यापासून फोन थांबलेले नाहीत. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, त्यापेक्षा काशीला जाऊन या!" बंगळुरूचा मुलगा म्हणतो, "आई, जायचंच असेल तर ग्रुपबरोबर जा." टोरांटोची लेक म्हणते, "इकडेच ये, मी फिरवते." या सगळ्यांचा मिळून एक प्रश्न मात्र समान आहे. लिस्बनच का? पॅरिस नाही, लंडन नाही, सिंगापूर नाही, आणि हे पोर्तुगालचं काय मध्येच?

प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हटलं. नातेवाईकांनी हे वाचावं आणि मग ज्यांना रागवायचं असेल त्यांनी खुशाल रागवावं.

परदेश मी अगदीच पाहिला नाही असं नाही. लेकीकडे दोनदा जाऊन आले. सोडायला मुलगा, उतरवून घ्यायला जावई, मधले विमानातले तास तेवढे माझे. २०११ साली ह्यांच्याबरोबर युरोपची सहलही केली. सहलीच्या व्यवस्थापकाच्या हातात एक झेंडा असायचा आणि आम्ही चाळीस जण त्याच्या मागे. तो झेंडा पिवळा होता हे पक्कं आठवतं, शहरांच्या बाबतीत मात्र घोळ होतो. तक्रार नाही हं. जेवण वेळेवर मिळालं, कुणी हरवलं नाही. पण 'इथे का आलो' हा प्रश्न स्वतःला विचारायची वेळच आली नाही. तो आमच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी सोडवून ठेवला होता.

स्वतंत्र प्रवासात तो आपल्याच गळ्यात येतो. तिकीट, विमा, खोली हे नातीने एका दुपारी माझ्या शेजारी बसून उरकलं. विमा किमान तीस हजार युरोचा लागतो, बँकेचे आणि पेन्शनचे कागद लागतात, राहण्याचा पुरावा लागतो. हे सगळं कटकटीचं असलं तरी होण्यासारखं आहे. व्हिसाच्या कागदांत रोजचा कार्यक्रमही जोडायचा असतो. कुठल्या दिवशी काय बघणार? नात म्हणाली, "आजी, नेटवर तयार मिळतो, तोच टाकू." मी म्हटलं थांब. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, टाचणवही दुसऱ्याची कधी उतरवली नाही, आता कुठे उतरवू?

तर ही माझी टाचणवही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझी सगळी नोकरी वसईतली. दरवर्षी पावसाळा सरला की मुलांना घेऊन किल्ल्यात जायचो. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. म्हणजे दोनशे चार वर्षं. एवढ्या काळात किल्ल्याच्या आत एक पूर्ण गाव वसलं होतं. छप्पर उडालेली चर्चं, सागरी दरवाजा, फ्रान्सिस्कन चर्चमधल्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा. त्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरं मुलं बोटाने गिरवायची आणि विचारायची, "बाई, काय लिहिलंय?" मी नावं आणि सालं तेवढी वाचून दाखवायची.

वसईच्या वर्गात वसईच्या लढाईचा धडा शिकवणं वाटतं तितकं सोपं नसतं. हजेरीपटावर वर्तक, म्हात्रे, पाटील असतात तसेच डिमेलो, लोपीस, परेराही असतात. ही मुलं घरी कादोडी नाहीतर वाडवळी बोलतात, ज्वारीबाजरी नाही तरी भाताची लोंबी आणि केळीची बाग यांचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. धड्यात मात्र एकच शब्द असतो, 'पोर्तुगीज'. जणू तो एक माणूस आहे आणि तो दुष्ट आहे. एका वर्षी धडा संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने उभं राहून विचारलं, "बाई, मग आम्ही कुणाच्या बाजूचे?" वर्ग हसला. तो हसत नव्हता. मी म्हटलं, "तू वसईच्या बाजूचा. आपण सगळेच." तो बसला.

उत्तर बरोबरच होतं, आजही तेच देईन. पण ते प्रश्नाच्या अर्ध्याच भागाचं होतं. आपली बाजू कुठली ते त्याला कळलं, पलीकडची बाजू म्हणजे नक्की कोण, हे राहिलंच. समुद्रापलीकडे हजारो मैलांवर जे गाव होतं, जिथून ती गलबतं निघायची, तिथे कोण राहत होतं? ते सगळेच राजे आणि पाद्री होते का? लिस्बनला जायचं ते हा राहिलेला अर्धा भाग बघायला.

आता नकाशाकडे वळू. गेले चार महिने हा नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरलेला आहे.

लिस्बन टेगस नदीच्या मुखाशी, टेकड्यांवर वसलेलं आहे. तिथले लोक नदीला तेजो म्हणतात. नकाशात बहुतेक ठिकाणी रस्ते गुंतवळीसारखे आहेत. मधोमध नदीला टेकलेला एक भाग मात्र चौकटीच्या वहीसारखा सरळ. त्याचं नाव बाइशा, म्हणजे खालचं गाव. उभे रस्ते, आडवे रस्ते, सगळे काटकोनात. रस्त्यांची नावंही पेठांसारखी धंद्यांवरून. एक सोन्याचा, एक चांदीचा, एक चांभारांचा, एक मुलामा देणाऱ्यांचा. बाकीचं गाव असं वाकडंतिकडं असताना एवढाच भाग सरळ कसा?

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या लावलेल्या. धरणीकंप झाला. एकामागून एक धक्के. चर्चं लोकांवर कोसळली. वाचले ते मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले. थोड्या वेळाने नदीचं पाणी आधी मागे हटलं आणि मग भिंतीसारखं उभं राहून आत आलं. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेल्या आगी त्यानंतर पाच-सहा दिवस जळत होत्या. मेलेल्यांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत आहेत. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातला सत्तर हजार ग्रंथांचा संग्रह गेला, अवघ्या सात महिन्यांपूर्वी उघडलेलं नवं ऑपेरागृह गेलं. हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणारं 'कासा दा इंदिया' हे दफ्तर त्याच काठावर होतं, तेही गेलं.

वसई पडून तेव्हा सोळा वर्षं झाली होती. वसई सोडताना तहाच्या अटींप्रमाणे शिबंदी शस्त्रांनिशी, ढोल वाजवत, निशाणं घेऊन बाहेर पडली होती आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं मुलांना दाखवताना मला हे ठाऊक नव्हतं की लिस्बनमध्येही अगदी तसंच एक चर्च उभं आहे. कार्मोचं. छप्पर १७५५ साली कोसळलं, पुढे बांधकाम सुरू होऊन अर्धवट थांबलं, आणि कमानी तशाच आभाळाखाली राहिल्या. १८६४ पासून तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर वसईकर माणूससुद्धा क्षणभर फसेल.

या धरणीकंपानंतरची एक गोष्ट मला फार आवडली. राज्याचा खरा कारभारी होता सेबाश्तियांव जुझे द कार्व्हाल्यु, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला. त्याने देशातल्या पाद्र्यांकडे छापील प्रश्नावली पाठवली. धक्का किती वाजता सुरू झाला? किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की ओसरला? विहिरी आणि झऱ्यांत काय फरक दिसला? घरं किती पडली, माणसं किती मेली, आग लागली का? लोक 'देवाचा कोप झाला' म्हणून छाती बडवत असताना हा गृहस्थ प्रश्नपत्रिका काढतो! आलेली उत्तरं अजून जपून ठेवलेली आहेत आणि भूकंपाचा अभ्यास करणारे आजही ती वाचतात. मास्तरकीतल्या माणसाला याहून मोठा आनंद कुठला?

आणि गाव पुन्हा उभं करायचं कसं, हे कुणी ठरवलं? मानुएल दा माया या लष्करी इंजिनिअरने. त्याचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं. (हे वाक्य मुलाने दोनदा वाचावं.) धरणीकंपाला पाच आठवडे होतात न होतात तो ४ डिसेंबरला त्याने आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. जुनं होतं तसंच बांधायचं का, रस्ते रुंद करायचे का, की सगळं भुईसपाट करून नव्याने आखायचं, की गावच दुसरीकडे हलवायचं, असे पर्याय त्याने एकापुढे एक मांडले. शेवटी ढिगारा पसरून जमीन सारखी केली आणि ती चौकटीची वही आखली गेली. घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवला, म्हणजे पुन्हा धक्का बसला तर घर डुललं तरी पडू नये. त्या पिंजऱ्याची परीक्षा घ्यायला त्याच्याभोवती शिपायांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात.

हाच मानुएल दा माया सरकारी दफ्तरखान्याचाही प्रमुख होता. दफ्तर किल्ल्याच्या एका बुरुजात असायचं, म्हणून नाव 'तोर्रे दो तोंबो'. तोंबो म्हणजे जमीन-महसुलाची, हक्कांची नोंदवही. १५५४ साली सिमांव बोतेल्यु याने हिंदुस्थानातल्या मुलखाचा असाच एक तोंबो लिहिला, त्यात वसईचा महसूलही आहे. १७५५ ला तो बुरुज कोसळला. या म्हाताऱ्याने ढिगाऱ्याखालून कागद काढवले, लाकडी खोपट उभारून त्यात ठेवले आणि जवळजवळ सगळं दफ्तर वाचवलं. आज त्या दफ्तरखान्याला विद्यापीठाच्या परिसरात १९९० पासूनची नवी इमारत आहे. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांविषयी आपल्याला जे कळतं, त्यातला मोठा वाटा गोव्याच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालवलेल्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचा. पण गोव्याची कागदपत्रं दर मोसमाला गलबतांतून इकडेही यायची. मला पोर्तुगीज येत नाही, आत जाऊन वाचणार काय? तरी त्या इमारतीसमोर एकदा उभं राहायचं आहे. कागद वाचवणाऱ्या माणसाला नमस्कार करण्यासाठी.

सांगायचा मुद्दा हा की माझी खोली मी बाइशात घेतली आहे. लिस्बनच्या टेकड्या आणि गुळगुळीत दगडी पदपथ हे गुडघ्यांचे वैरी आहेत असं सगळेच लिहितात. बाइशा सपाट आहे. ज्या आपत्तीने गाव पाडलं तिच्यामुळेच माझ्या गुडघ्यांची सोय झाली. वर कार्मोला जायला १९०२ सालची लोखंडी लिफ्ट आहे, किल्ल्याच्या दिशेला जायलाही सार्वजनिक लिफ्ट आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या ग्लोरिया नावाच्या उतारावरच्या ट्रामला अपघात होऊन सोळा माणसं गेली. ती बातमी मुलाने मला तीनदा पाठवली आहे. मी ती वाचली. उतारावरच्या ट्राम माझ्या वहीतून खोडल्या आहेत.

मुंबईकर नातेवाइकांसाठी आता एक खास ठिकाण. अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला साऊं व्हिसेंत द फोरा नावाचा मठ आहे. तिथे ब्रागांझा राजघराण्याची थडगी आहेत आणि त्यांत एक आहे कॅथरिनचं. तीच, जिच्या आंदणात मुंबई गेली! जून १६६१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिच्या लग्नाचा करार झाला आणि मुंबई बेट त्यात लिहून दिलं गेलं. गोव्याच्या व्हाइसरॉयला हे मुळीच पसंत नव्हतं. मुंबई इंग्रजांना गेली तर हिंदुस्थान हातचा जाईल, असं त्याने राजाला कळवलं होतं. १६६५ साली ताबा दिला गेला. आपण शाळेत 'मुंबई आंदण दिली' हे एका ओळीत शिकतो आणि त्या ओळीतली मुलगी विसरून जातो. परक्या देशात, परक्या धर्मपंथात तिचं आयुष्य गेलं, मूल झालं नाही, नवरा बाहेरख्याली. तो वारल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परत आली, शेवटी भावासाठी तिने थोडा काळ राज्यकारभारही पाहिला आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी वारली. मुंबई तिने कधी पाहिली नाही. आपल्यापैकी कुणी तिला भेटायला जातं का? मी जाणार.

पण मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी ठिकाणं वेगळी आहेत.

बाइशाच्या वरच्या टोकाला रोसिओ नावाचा मोठा चौक आहे. चौकाच्या एका बाजूला पांढऱ्या खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह, १८४६ पासूनचं. त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. धर्मन्यायालय म्हणा हवं तर. आपल्याला गोव्याचं इन्क्विझिशन माहीत आहे, १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षांचा खंड. त्याचा हात वसईपर्यंत पोहोचत होता. पण त्याआधी चोवीस वर्षं, १५३६ साली, ते पोर्तुगालमध्ये पोर्तुगिजांसाठीच स्थापन झालं होतं. ज्यांना बळजबरीने ख्रिस्ती केलं त्या ज्यूंच्या लेकरा-नातवंडांवर पाळत ठेवण्यासाठी. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करायची, कोण शनिवारी चूल पेटवत नाही, कोण डुकराचं मांस टाळतं. नाट्यगृहाच्या माथ्यावर जील व्हिसेंत या नाटककाराचा पुतळा आहे. त्याच्याच नाटकांवर पुढे इन्क्विझिशनची कात्री चालली. ज्यांनी कापलं त्यांच्या जागेवर आज तो उभा आहे!

चौकाला लागून साऊं दोमिंगोस चर्च. एप्रिल १५०६ मध्ये इथे एका माणसाने चमत्काराबद्दल शंका काढली म्हणून जमाव पिसाळला आणि तीन दिवसांत सुमारे दोन हजार माणसं, बाटवलेले ज्यू, आपल्याच गावकऱ्यांकडून मारली गेली. २००८ पासून चर्चसमोर त्यांचं स्मारक आहे. चर्चच्या आत १९५९ च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत.

तिसरी जागा बेलें गावात. सगळ्या सहली बेलेंला नेतात. वास्को द गामाचं थडगं असलेला जेरोनिमोस मठ, नदीकाठचा बुरूज आणि कस्टर्डच्या खुसखुशीत टिकल्या. त्या मिठाईच्या दुकानापासून चार पावलांवर एका बोळात दगडी खांब आहे. राजावर गोळीबार झाला तेव्हा पोंबालने तावोरा घराण्याला आणि आव्हेइरोच्या ड्यूकला १७५९ साली हालहाल करून मारलं, ड्यूकचा वाडा पाडला आणि तिथे पुन्हा काही उगवू नये म्हणून जमिनीत मीठ पेरलं. खांब त्याची खूण. बोळाचं नावच 'खारवलेली जमीन'. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट आपण चौथीपासून सांगतो. तिकडेही तीच तऱ्हा. प्रश्नावली काढणारा आणि मीठ पेरणारा माणूस एकच, हे मात्र मला पचायला वेळ लागला.

आता शेवटचं ठिकाण. मराठी माणसासाठी लिस्बनमध्ये याहून महत्त्वाची जागा नाही असं मला वाटतं, आणि कुठल्याही सहलीच्या पत्रकात ती मला सापडली नाही.

मोहन रानडे हे नाव तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मूळचे सांगलीचे. गोव्यात मराठी शिकवायला शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. १९६० साली त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत! त्यानंतर आणखी सात वर्षं ते तिथेच होते. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली हे आमच्या पिढीला माहीत आहे. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. २०१९ साली पुण्यात वारले.

मला आजवर या गोष्टीत दोनच बाजू दिसत होत्या, आपले रानडे आणि त्यांचा तुरुंग. नकाशावर काशियास शोधताना तिसरी बाजू दिसली. तो तुरुंग मुळात पोर्तुगिजांसाठीच होता. सालाझारच्या विरुद्ध बोलणारे विद्यार्थी, कामगार, कम्युनिस्ट, लेखक तिथे डांबले जात. लिस्बनच्या मोठ्या चर्चशेजारी अल्जूब नावाचा आणखी एक राजकीय तुरुंग होता. नाव अरबी, मूळ अर्थ विहीर, खड्डा. २५ एप्रिल २०१५ पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं संग्रहालय आहे. ज्या सत्तेने गोव्यात सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या तिने घरच्यांनाही सोडलं नव्हतं. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती सत्ता उलथवली, लोकांनी शिपायांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली. त्या दिवशी पंतप्रधान काएतानो जिथे लपून बसला होता आणि शेवटी शरण आला, ती छावणी त्याच कार्मोच्या चौकात, त्या बिनछपराच्या चर्चला लागून आहे. शरणागती मागणाऱ्या कॅप्टनचं आडनावही योगायोगाने माया! दोन दिवसांत काशियासचे राजकीय कैदी सुटले. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. गोवा १९६१ ला मुक्त झाला, पण पोर्तुगालला ते मान्य करायला आधी स्वतः मुक्त व्हावं लागलं.

काशियासला आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाता येणार नाही. पण लिस्बनहून नदीकाठाने जाणाऱ्या लोकलचं काशियास हे एक स्टेशन आहे. त्या गाडीने जायचं, तिथे उतरून थोडा वेळ फलाटावरच्या बाकावर बसायचं आणि पुढच्या गाडीने परत यायचं असं ठरवलं आहे. शिक्षकाने शिक्षकासाठी एवढं करायला हरकत नाही.

तर मंडळी, 'लिस्बनच का' याचं उत्तर हे असं आहे. वसईतून ज्यांना आपण हुसकावलं त्यांचं गाव बघायला मी जाते आहे, पण त्यात फुशारकी नाही आणि रागही नाही. इन्क्विझिशन विसरा असं मी म्हणत नाही. वसईच्या रयतेने जे सोसलं ते सोसलंच, आणि अप्पांच्या फौजेने जे केलं त्याचा मला अभिमान आहे. पण 'पोर्तुगीज' या एका शब्दात जाळणारेही होते आणि जळणारेही, तुरुंगावरचे पहारेकरीही होते आणि रानड्यांच्या शेजारच्या कोठडीतलेही. हे पाठ्यपुस्तकात मावत नाही आणि झेंड्यामागून चालताना दिसत नाही. त्यासाठी आपला कार्यक्रम आपण आखावा लागतो. माझ्या लेखी स्वतंत्र प्रवास म्हणजे एवढंच. एकटीने विमानात बसणं हा त्यातला सोपा भाग.

भाषेची काळजी करणाऱ्यांना सांगते, मला थोडी पोर्तुगीज येतेच, आणि तुम्हालाही. बटाटा, पाव, चावी, पगार, लिलाव, घमेलं, नाताळ. तुरुंगसुद्धा त्यांचाच म्हणतात. वाक्य नाही झालं तरी चावी आणि पाव मागण्यापुरती सोय आहे.

घरच्यांच्या समाधानासाठी व्यवस्थाही लिहून ठेवते. पहिला दिवस फक्त विश्रांती आणि बाइशातल्या सपाट रस्त्यांवर फेरी. दुसऱ्या दिवशी रोसिओ. तिसऱ्या दिवशी कॅथरिन आणि अल्फामा, उतरताना अल्जूब. चौथा दिवस बेलें, पाचवा दफ्तरखाना. सहाव्या दिवशी काशियास. सातव्या दिवशी १ नोव्हेंबर येतो, त्या दिवशी सकाळी साडेनऊला कार्मोच्या चौकात जाऊन बसणार. संग्रहालय उघडं असो वा नसो, चौकातून कमानी दिसतात. आठव्या दिवशी परत. रोज रात्री आठच्या आत खोलीवर, रोज मुलाला एक फोन. गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घेतली आहे. खोलीपासून लिफ्टपर्यंतचा रस्ता नातीने कॉम्प्युटरवर दाखवला, तो मी इतक्या वेळा 'चालले' आहे की कोपऱ्यावरचं दुकान ओळखीचं झालं आहे.

व्हिसा अजून यायचा आहे. कागद देताना समोरच्या मुलीने माझा कार्यक्रम वाचला आणि विचारलं, "काशियासला काय आहे?" मी म्हटलं, स्टेशन आहे. तिने शिक्का मारून घेतला.

तुमच्यापैकी कुणी लिस्बनला जाऊन आलं असेल तर जरूर कळवा. दोन गोष्टी हव्या आहेत. कार्मोला जाणाऱ्या त्या लोखंडी लिफ्टला सकाळी किती रांग असते, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे स्वेटर पुरतो की कोट न्यावा लागतो.